चिंगीचे मागचे पाय

"खारीला डॉक्टरकडे आणलंय हे उगाच कुणाला सांगत बसू नको हो."

बाहेरच्या बाकावरून आवाज आला. म्हणणाऱ्याने तो दबका काढला होता, पण बागेत गड्यांना हाका मारून तयार झालेला आवाज कितीही दाबला तरी आतल्या टेबलापर्यंत पोचतोच.

"अप्पा, खार नाहीये ती," एक बाई म्हणाली.

"ते तुला नि मला माहीत. हा बकरीवाला काय म्हणेल?"

मी एका कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड भरत होते. मान वर न करता कार्ड पूर्ण केलं.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. व्हेटर्नरीची डिग्री घेऊन मी रत्नागिरीला परत आले होते आणि सरांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट होते. सरांची सगळी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली होती. गाय, म्हैस, बैल हे त्यांचं राज्य. रिटायर झाल्यावर त्यांनी शहरात क्लिनिक काढलं, आणि तिथे कुत्री-मांजरं येऊ लागली तेव्हा त्यांना मदत लागायला लागली. कामाची वाटणी आमच्यात आपोआप झाली होती. जनावर मी तपासायचे, माणसांशी सर बोलायचे. मला ते सोयीचं होतं. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे मालकाला काही सांगायचं तर मनात एक वाक्य जुळवावं लागे. ते जुळेपर्यंत सर बोलून मोकळे झालेले असत.

अप्पा आणि त्यांची सून मेधावहिनी आत आले. पावसच्या रस्त्याला त्यांची हापूसची बाग होती आणि बागेतच रस डबाबंद करण्याचं लहानसं कॅनिंग होतं. सरांची नि त्यांची जुनी ओळख. अप्पांनी सदरा वर केला, आतल्या बंडीच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक राखाडी गोळा काढून टेबलावर ठेवला.

गोळा उलगडला. तळहातावर मावेल एवढा जीव. कपाळापासून पाठीवर गेलेला काळा पट्टा, चेहऱ्याच्या मानाने फार मोठे काळेभोर डोळे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची सैल झालर.

"हे काय आणलंत अप्पा?" सर म्हणाले.

"चिंगी."

"ते नाव झालं. प्राणी कुठला?"

"शुगर ग्लायडर," मी म्हणाले. बहुधा फारच हळू म्हणाले, कारण सरांनी "काय?" म्हणून विचारलं.

फोटोत पाहिलेला प्राणी मी पहिल्यांदाच समोर बघत होते. ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा. खारीसारखा दिसतो पण खारीचा कुणी लागत नाही. कांगारूसारखा पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवतो. दिवसा झोपतो, तिन्हीसांजेला उठतो आणि ती झालर पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो.

मेधावहिनींचा नवरा बोटीवर होता. मागच्या सुट्टीत मुंबईच्या बाजारातून त्याने हा प्राणी बायकोसाठी घेतला आणि स्वतः परत बोटीवर गेला. वहिनींच्या अंगावर तो संध्याकाळी कपाटावरून उडी मारायचा, त्या किंचाळायच्या. शेवटी तो अप्पांच्या खिशात राहायला गेला. अप्पांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. "ही खिशात आल्यापासून अप्पांना कुणीतरी बोलायला मिळालंय," वहिनी मला म्हणाल्या, अप्पा सरांशी बोलत असताना.

चिंगी टेबलावर पुढे सरकली. पुढच्या दोन पायांवर. मागचे दोन नुसते ओढले जात होते.

"कपाटावरून थेट माझ्या खांद्यावर यायची," अप्पा म्हणाले. "आता जागची हलत नाही. पडली असेल का हो?"

सर म्हणाले, "मॅडम बघतील. त्यांचा एक्झॉटिकचा, असल्या वेगळ्या प्राण्यांचा, अभ्यास आहे."

माझा एक्झॉटिकचा अभ्यास म्हणजे इंटर्नशिपमध्ये पंधरवडाभर पोपटांची नखं कापणं. मी हातमोजे चढवले.

मागच्या बोटांना चिमटा काढला की ती पाय आखडून घेत होती. क्षीण, पण घेत होती. म्हणजे मज्जारज्जू तुटलेला नव्हता. कणा चाचपला, कुठे सूज नाही. वजन करायला आमचा काटा निरुपयोगी होता, तो किलोत बोलायचा. शेजारच्या सोनाराकडे नेऊन केलं. सोनाराने ग्रॅम सांगितले आणि "मजुरी वेगळी" म्हणाला. एक्स-रेचा प्रश्न होता. माणसांच्या मोठ्या फिल्मवर एवढं हाड काय दिसणार? समोरच्या बिल्डिंगमधल्या डेंटिस्टकडे दाताचा एक्स-रे काढण्याची छोटी फिल्म असते, तिच्यावर चिंगीचा मागचा पाय बरोबर मावला. डेंटिस्ट म्हणाले, "दात बाकी ठणठणीत आहेत हिचे. मलाच चावली."

एक्स-रेवर निरोगी हाड पांढरं दिसतं. चिंगीचं हाड म्हणजे पेन्सिलने फिकट आखलेली रेघ होती.

"खाते काय?" मी वहिनींना विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं, आणि मोठ्या अभिमानाने. "रस. आपल्या कॅनिंगचा. साखर नाही, रंग नाही, निव्वळ हापूस. सकाळ-संध्याकाळ बोटाने चाटवतो. दुसरं काही समोर ठेवलं तर शहाणी तोंड फिरवते."

"आणखी काही?"

"एकादशीला साबुदाण्याची खिचडी. दाणे दोन."

दुकानदाराने सांगितलं होतं, फळं घाला, काही त्रास नाही. घरात फळ म्हणजे हापूस, आणि हापूस म्हणजे वर्षभर डबे.

तेव्हाच मला कळलं होतं की काय झालंय. हे थोडं समजावून सांगते. शरीराला रोज कॅल्शियम लागतं, स्नायू हलवायला, हृदय चालवायला. ते खाण्यातून आलं नाही तर शरीर थांबत नाही, ते हाडांतून काढून घेतं. रोज थोडं थोडं. बाहेरून काही दिसत नाही, प्राणी खेळत असतो, अंगावर तकाकी असते. मग एक दिवस मागचे पाय चालेनासे होतात. जंगलात हा प्राणी झाडाचा चीक नि डिंक खातो, फुलांतला मध खातो, आणि मुख्य म्हणजे किडे खातो. आंब्याच्या रसात साखर भरपूर, कॅल्शियम नावाला, प्रोटीन जवळजवळ नाहीच. साखर पोटात गेली की भूक मरते, म्हणून तो दुसरं काही मागत नाही. मालकाला वाटतं, याला हेच आवडतं.

मी सरांना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"रस बंद करायला सांगावा लागेल," मी म्हणाले.

"सांगतो की. पण कसं सांगायचं ते मला ठरवू दे." सर टेबलाशी परत आले आणि म्हणाले, "अप्पा, थंडी पडायला लागली ना. थंडीत रस बाधतो हिला. रस पूर्ण बंद. मॅडम दुसरं लिहून देतील."

"असं होय!" अप्पांचा चेहरा एकदम सैल झाला. "थंडीचं माझ्या लक्षातच नाही आलं."

अप्पा बाकावर जाऊन बसल्यावर मी सरांकडे बघत राहिले असणार. ते म्हणाले, "अगं, त्या माणसाला सांगू का, तुमच्याच हाताने झालं म्हणून? रस बंद झाला ना? कारण काही का असेना."

त्या वेळी मला ते पटलंही.

लहान मुलांना देतात ते कॅल्शियमचं सिरप थेंबाथेंबाने सुरू केलं. पिंजऱ्यातल्या उंच फांद्या काढायला लावल्या, पडली तर हाडं मोडतील म्हणून. खाण्याचं मी वहिनींना सांगितलं: काकडी, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, पपईचा लहान तुकडा. आणि उकडलेलं अंडं.

"अंडं?" वहिनी हसल्याच. "अहो, आमच्याकडे केकसुद्धा विचारून आणतात. अंडं पडवीपर्यंतसुद्धा येणार नाही."

मग मी पनीर म्हणाले.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. अप्पांनी शब्द पाळला होता, रसाचं बोट एकदाही पुढे केलं नव्हतं. पण चिंगी पनीर हुंगून फेकून देत होती. पाला तुडवत होती. सिरप तेवढं जात होतं. "वाळत चाललीय हो," वहिनी म्हणाल्या. "आणि ती जेवत नाही म्हणून अप्पांनीही ताट सारलंय. काल म्हणाले, या घरात माझ्याजवळ आलेलं टिकत नाही."

मी सायबर कॅफेत जाऊन तासभर वाचलं. मग मुंबईत असे प्राणी बघणाऱ्या माझ्या सीनियरला फोन लावला. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, "इन्सेक्ट्स देतायत का?"

"मालक शुद्ध शाकाहारी आहेत."

"मालकाला कोण खायला सांगतंय? वळवळणारं काहीतरी समोर ठेव. ते ती सोडणार नाही. नाहीतर उपाशी मरेल, कॅल्शियम देऊनसुद्धा."

मुंबईत पाळीव पक्ष्यांसाठी अळ्या विकत मिळतात. आमच्याकडे कोण विकणार? आणि विकत आणल्या तरी त्या घरात नेणार कोण? सर त्या दिवशी लांज्याला एका गोठ्यावर गेले होते. मी स्कूटी काढली आणि बागेवर गेले. जाताना वाक्यं जुळवत होते. एकही धड होत नव्हतं.

अप्पा घरात नव्हते, कलमांत होते. पावसाळा उलटला की बागायतदार एकेका कलमाचा बुंधा न्याहाळत फिरतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की समजायचं आत भिरूड आहे. भिरूड म्हणजे खोड पोखरणारा किडा, आमच्या पुस्तकातला स्टेम बोरर. त्याची अळी आतून खोड खात जाते आणि वेळेवर काढली नाही तर आख्खं कलम वाळतं. अप्पा उकिडवे बसून एका भोकात तार फिरवत होते. बंडीच्या खिशाला फुगवटा होता. मेधावहिनी चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"या डॉक्टरीणबाई," अप्पा मान न वळवता म्हणाले. "बसा. हा मेला सापडलाय, याला आधी बघतो."

तारेच्या आकड्याला अडकून अळी बाहेर आली. बोटाएवढी लांब, पांढरी, गुबगुबीत. अप्पांनी ती जमिनीवर टाकली आणि उठून चपलेचा पाय उचलला.

"थांबा!" मी ओरडले.

इतक्या मोठ्याने मी त्या गावात कधी बोलले नव्हते. वहिनींचा चहा सांडला. अप्पा एक पाय उचललेल्या अवस्थेत माझ्याकडे बघत राहिले.

"ही... चिंगीला दिली तर?"

अप्पांनी पाय खाली ठेवला, अळीच्या बाजूला. वाकून अळीकडे बघितलं. "ही?"

"जंगलात ती हेच खाते."

"आमच्याकडे असलं खाणं..." ते थांबले. परत अळीकडे बघितलं. "पण हे खाणं कसलं? हा तर वैरी. गेल्या वर्षी दोन कलमं घालवलीन् याने, माझ्या वडलांनी लावलेली."

"अप्पा," वहिनी म्हणाल्या, "अंड्यात जीव असतो म्हणून अंडं नको. हिच्यात काय आहे मग?"

"तू गप गो. मी नाहीतरी मारणारच होतो ना? चपलेखाली गेली काय नि हिच्या तोंडी गेली काय."

"बघा हं. मी काही म्हणत नाही."

"म्हणून झालं की तुझं सगळं."

मी विचारलं, या झाडावर फवारणी झालीय का, भोकात पेट्रोलचा बोळा घातला होता का. दोन्ही नव्हतं. अळी धुऊन घेतली. अप्पांनी खिशातून चिंगीला काढलं. ती अर्धवट झोपेत होती, मान टाकलेली. मी अळी तिच्या नाकाशी धरली.

तिने डोळे उघडले. पुढच्या दोन्ही हातांत अळी मक्याच्या कणसासारखी आडवी धरली आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. मधूनमधून गुरगुरत होती, आम्ही काढून घेऊ म्हणून. साल थुंकली, आतलं सगळं खाल्लं, आणि अप्पांची बोटं हुंगून अजून आहे का बघितलं.

अप्पा हळूच म्हणाले, "राक्षसीण मेली." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. दुसऱ्या कलमाकडे निघालेही.

पुढे अप्पांनी हे काम ज्या पद्धतीने केलं, तसं मी नंतरही फार कमी मालकांना करताना पाहिलं. मी सांगितलं होतं की नुसत्या अळ्या नकोत, त्यांत चरबी फार, नाकतोडे जास्त द्या. आणि किड्यांतही कॅल्शियम कमीच असतं, म्हणून प्रत्येक किडा कॅल्शियमच्या पावडरीत घोळवूनच द्यायचा. अप्पांनी फवारणी न झालेला बांध शोधला आणि सकाळी गवतात दव असतानाच नाकतोडे धरायला सुरुवात केली, कारण तेव्हा त्यांना उडता येत नाही. हे त्यांचं त्यांनीच शोधलं. झाकणाला भोकं पाडलेला रसाचा रिकामा डबा किड्यांसाठी होता आणि तो पडवीच्या बाहेर, खुंटीला टांगलेला असे. जेवण अंगणात. जेवण झालं की ओल्या फडक्याने चिंगीचं तोंड पुसायचं, अप्पांनी हात धुऊन बंडी बदलायची, मगच दोघांनी उंबरा ओलांडायचा, कारण पूजेच्या वेळी ती खिशात असायची.

"चूळ भरायला शिकवतायत तिला," वहिनी मला फोनवर म्हणाल्या. "आणि काय सांगू, कुणी बागेत आलं की विचारतात, तुमच्याकडे भिरूड आहे का? लोकांना वाटतं औषध मारायला विचारतायत."

किडे पोटात जायला लागल्यावर पालाही जायला लागला. रताळंही. पौषात ती मागच्या बोटांनी पिंजऱ्याची सळई धरायला लागली. माघात पडद्यावर चढली. सोनाराच्या काट्यावर वजन वाढलेलं दिसलं. डेंटिस्टने परत फिल्म काढली, हाडाची रेघ आता पांढरी होती. डावा पाय थोडा आखूड टाकते, तो तसाच राहिला. ते मी अप्पांना आधीच सांगून ठेवलं होतं, वहिनींमार्फत.

पाडवा जवळ आला तेव्हा अप्पा स्वतः क्लिनिकमध्ये आले. सकाळची गर्दी होती. चिंगी खिशातून डोकं काढून बाकावरच्या मांजरीकडे बघत होती. या वेळी तिला खार म्हणणाऱ्याला अप्पांनीच दुरुस्त केलं. "शुगर ग्लायडर," ते म्हणाले, "ऑस्ट्रेलियाची." मग सरांच्या टेबलावर त्यांनी मोसमातल्या पहिल्या आंब्यांची पिशवी ठेवली.

"थंडी सरली," अप्पा म्हणाले. "उद्यापासून हिचा रस परत सुरू करतो हो. बिचारीने चार-पाच महिने मन मारलंन्. पूर्वीसारखाच, सकाळ-संध्याकाळ."

सर हसत होते, ते हसू तसंच राहिलं. "थोडा... बेताने द्या, अप्पा."

"बेताने कशाला? थंडीचीच बाधा होती ना ती?"

मी इंजेक्शन भरत होते. या धंद्यात लोकांना दुखवू नये म्हणून दिलेली कारणं उपयोगी पडतात, पण थंडीचं कारण थंडीपुरतंच टिकतं. सर माझ्याकडे बघायला लागले. अप्पांनी त्यांची नजर कुठे जातेय ते पाहिलं, आणि तेही माझ्याकडे वळले. बागायतदार माणूस. बुंध्याशी भुसा दिसला की आत काय आहे ते त्यांना समजत होतं.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगा," ते म्हणाले. आवाज खरोखरच खाली आला होता. "माझ्या रसाने झालं का हे?"

"तसं काही नाही हो अप्पा..." सरांनी सुरुवात केली.

"यांना विचारतोय मी."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. वाक्य जुळवत बसले नाही.

"हो अप्पा," मी म्हणाले. "रसानेच झालं. दुसरं काही नव्हतं. आणि ती उठली ती तुम्ही दवात जाऊन धरलेल्या नाकतोड्यांनी, नुसत्या माझ्या सिरपने नाही. आता रस द्या, पण नखावर मावेल एवढाच, आठवड्यातून एकदा, आणि किडे खाऊन झाल्यावर."